गुडघ्याचे वय जन्मदाखल्यावर नसते
सांगली जिल्ह्यातील जलतरण प्रशिक्षकांना आणि क्रीडा विभागाला खुले पत्र

प्रति,
सांगली जिल्ह्यातील सर्व जलतरण प्रशिक्षक, जलतरण क्लबांचे पदाधिकारी, शाळांमधील क्रीडाशिक्षक आणि मा. जिल्हा क्रीडा अधिकारी यांस,

विषय : वयात येणाऱ्या जलतरणपटूंच्या पायांची ताकद आणि त्यांचे गुडघे

स. न. वि. वि.

मी मिरजेत गेली १६ वर्षे फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. शिवाय पहाटे साडेपाचला मुलीला तलावावर सोडून सात वाजेपर्यंत काठावरच्या शहाबादी फरशीवर बसून राहणाऱ्या पालकांपैकीही मी एक आहे. हे पत्र सर्वांना मिळून लिहिते आहे, कारण मी जे पाहते ते एखाद्या तलावापुरते किंवा एखाद्या सरांपुरते नाही. उन्हाळी शिबिरे आटोपली, शाळा सुरू झाल्या, की जून-जुलैत माझ्याकडे ११ ते १५ वयाची मुले-मुली येऊ लागतात. कोणी तासगावहून येते, कोणी पलूसहून, कोणी सांगलीवाडीहून. तक्रार बहुधा दोनांपैकी एक असते : गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखते, नाहीतर गुडघ्याच्या वाटीखाली नडगीवर गाठीसारखे आले आहे आणि तिथे हात लावू देववत नाही. सोबतची आई किंवा वडील जवळजवळ ठरलेले वाक्य बोलतात, "हल्ली पोहण्यात लक्षच नाही हिचे, वेळ वाढत चालली आहे." दुखणे आणि वाढलेली वेळ या दोन्हींचे मूळ एकच असू शकते, आणि ते मूळ म्हणजे मुलाचे वयात येणे, हे आपल्याकडे अजून पुरेसे ध्यानात घेतले जात नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

माझ्या मुलीचीच गोष्ट आधी सांगते, कारण त्यात चूक माझीही होती. ती ब्रेस्टस्ट्रोक, म्हणजे बेडकासारखे पाय मारत, पोहते. सहावीत होती तेव्हा ५० मीटरची तिची वेळ दर दोन-तीन महिन्यांनी थोडी थोडी उतरत होती. सातवीत गेली आणि वेळ जिथल्या तिथे थांबली. दिवाळीनंतर तर ती दीड सेकंदाने वाढली. तलावावर तिला सांगण्यात आले की पाय सैल पडले आहेत, किक मरते आहे, मन लावून पोहत नाहीस. घरी मीही तेच ऐकवले. उपाय म्हणून फळी धरून नुसती किक मारण्याचे अंतर दुप्पट करण्यात आले आणि पाण्याबाहेर फरशीवर बेडूकउड्या सुरू झाल्या. संक्रांतीच्या सुमारास एका रात्री ती जिन्याचा कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत वर जाताना मला दिसली. तिला तिथेच पायरीवर बसवले. गुडघा वाकवून आतल्या बाजूने सांध्याच्या फटीवरून अंगठा हळूहळू वर सरकवत नेला, तर मांडीच्या हाडाच्या उंचवट्याजवळ पोहोचताच तिने माझे मनगट घट्ट धरले. मग तिला पायरीच्या कडेला एका पायावर उभे केले आणि सावकाश खाली वाकायला सांगितले. अशा वेळी गुडघा पावलाच्या मधल्या बोटांच्या रेषेत राहायला हवा. तिचा गुडघा पायाच्या अंगठ्याच्याही आत कलंडला, कंबर एका अंगाला झुकली आणि तळपायाची कमान पायरीला टेकली. दुसऱ्यांच्या मुलांत जे मी रोज तपासते, ते घरात वर्षभर माझ्या नजरेतून सुटले होते.

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर दर वाढदिवसाला पेन्सिलीने रेघ ओढलेली आहे. त्या रात्री तिला चौकटीला पाठ लावून उभे केले, तेव्हा शेवटच्या रेघेनंतरच्या दहा महिन्यांत ती ८ सेंटीमीटर वाढलेली निघाली. त्याआधीच्या रेघांमध्ये ५-५ सेंटीमीटरचे अंतर होते. वेळ का वाढली, याचे उत्तर त्या चौकटीवर होते आणि आम्ही सगळे मोठी माणसे मिळून तिच्यातला आळस शोधत होतो.

पाय वाढतो नेमका कुठे, हे समजले की पुढचे बरेचसे आपोआप उलगडते. लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेचा एक पातळ पट्टा असतो, त्याला ग्रोथ प्लेट म्हणतात. हाडाची लांबी तिथे तयार होते, आणि वाढ पूर्ण झाली की हा पट्टा हाडात मिसळून जातो. मांडीच्या हाडाची सुमारे ७० टक्के वाढ त्याच्या खालच्या टोकाशी, म्हणजे गुडघ्याच्या लगेच वर होते, तर नडगीच्या हाडाची निम्म्याहून अधिक वाढ त्याच्या वरच्या टोकाशी, म्हणजे गुडघ्याच्या लगेच खाली होते. दोन्ही मिळून पायाच्या एकूण वाढीतला जवळजवळ दोन-तृतीयांश वाटा एकट्या गुडघ्याच्या आसपासचा आहे. हा कूर्चेचा पट्टा पक्क्या हाडापेक्षा नाजूक असतो, आणि ज्या वर्षी त्याचे काम सर्वांत जोरात चाललेले असते त्याच वर्षी आपण त्या गुडघ्याला सर्वांत जास्त राबवतो.

वयात येण्यापूर्वी मूल वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटीमीटर वाढते. मुलींमध्ये साडेअकरा-बाराच्या आसपास आणि मुलांमध्ये साडेतेरा-चौदाच्या आसपास हा वेग शिखरावर पोहोचतो, तेव्हा मुली वर्षाला ८ सेंटीमीटरच्या घरात आणि मुले ९ ते १० सेंटीमीटरच्या घरात वाढतात. ही सरासरी झाली. प्रत्यक्षात दोन मुले एकाच महिन्यात जन्मलेली असूनही वाढीच्या बाबतीत एकमेकांच्या दोन-तीन वर्षे मागेपुढे असू शकतात. वाढीचा क्रमही ठरलेला असतो. आधी पावले, मग पाय, सर्वांत शेवटी धड. घरातल्या बायकांना हे पुस्तक न वाचताही ठाऊक असते : जूनमध्ये घेतलेले बूट दिवाळीला चावू लागतात, पँट घोट्याच्या वर जाते, आणि शर्ट मात्र अजून अंगाला बसतो. बूट चावण्यापासून शर्ट आखूड होईपर्यंतचे महिने गुडघ्याच्या दृष्टीने सर्वांत जपायचे.

या महिन्यांत हाड पुढे धावते आणि स्नायू मागून येतात. भरलेली घागर छातीशी धरून उचलणे वेगळे आणि हात लांब करून तीच घागर उचलणे वेगळे, हे ज्याने पाणी भरले आहे त्याला सांगावे लागत नाही. लांब झालेल्या पायाला तसाच अधिक जोर लागतो, आणि जोर देणारे स्नायू अजून जुन्या पायाच्या मापाचे असतात. मांडीचे पुढचे आणि मागचे स्नायू ताणले जातात, शरीराचा तोल बिघडतो, काल सहज जमणारी हालचाल आज अवघड वाटते. प्रशिक्षकाला काठावरून दिसते ते एवढेच, की पाय सैल पडले आहेत.

पावसाळ्यात आपण सगळे आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी वाचतो. ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका, हे सांगलीतल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. पण २०१९ च्या ऑगस्टमधला महापूर ज्यांनी पाहिला आहे ते पातळी विचारण्याआधी विचारतात, "तासाला किती चढते आहे?" मुलांच्या उंचीलाही हाच प्रश्न विचारायचा आहे. मूल किती उंच आहे यावरून फारसे काही कळत नाही, ते तीन महिन्यांत किती वाढले यावरून पुष्कळ कळते. हवामान आणि धरणाच्या विसर्गावर आपण इतके बारीक लक्ष ठेवणारे लोक, आपल्या मुलांच्या वाढीची एक साधी वही ठेवत नाही.

मुलगे आणि मुली यांची वाट इथून वेगळी होते, आणि हा भाग मी मुद्दाम सविस्तर मांडते आहे. मुलग्यांमध्ये टेस्टोस्टेरॉन वाढते आणि उंचीचा वेग शिखरावर गेल्यानंतर साधारण वर्षभराने ताकदीचा वेग शिखर गाठतो. मधले वर्ष कठीण असते, पण त्यानंतर मांड्या भरतात, उभी उडी उंच जाते, स्टार्टिंग ब्लॉकवरून शरीर लांब फेकले जाते, भिंतीवरून वळताना जोर मिळतो. निसर्ग त्यांची थकबाकी चुकती करतो. मुलींमध्ये इस्ट्रोजेनच्या प्रभावाने शरीरातील चरबीचे प्रमाण वाढते, ओटीपोटाचे हाड रुंदावते, वजन वाढते. पायांची ताकद त्यांचीही वाढते, मात्र वाढलेल्या वजनाच्या हिशेबात पाहिले तर ती फारशी पुढे सरकत नाही. जी मुलगी ११ व्या वर्षी बरोबरीच्या मुलांइतकी उंच उडी मारत होती, ती १४ व्या वर्षी मागे पडलेली दिसते. तिची मेहनत कमी झालेली नसते. त्यातही मांडीच्या पुढच्या स्नायूंची ताकद बऱ्यापैकी वाढते आणि मागच्या स्नायूंची त्या मानाने कमी वाढते. गुडघ्याला आत कलंडू न देण्याचे काम खुब्याच्या बाहेरचे स्नायू करतात, आणि नडगीचे हाड पुढे सरकू न देण्याचे काम मांडीचे मागचे स्नायू करतात. हे दोन्ही पहारेकरी कमी पडले की सगळा भार लिगामेंटवर, म्हणजे सांध्यातली हाडे एकमेकांना बांधून ठेवणाऱ्या चिवट पट्ट्यांवर येतो. मुलींच्या पायांना ही ताकद सरावातून मिळवून द्यावी लागते, आणि ती मिळवून देता येते. हाडांची ठेवण आपल्याला बदलता येत नाही, स्नायूंची ताकद बदलता येते.

आता पाण्याविषयी. पोहणे सांध्यांना सोपे, असे आपण सर्रास म्हणतो आणि ते खरेच आहे. छातीपर्यंतच्या पाण्यात उभे राहिले तर अंगाच्या वजनाचा एक-तृतीयांशाच्या आसपासच भार पायांवर येतो. पण जो भार पाणी उचलते, तो उचलायला पाय शिकत नाहीत. रोज दीड-दोन तास पाण्यात आडवे राहणाऱ्या मुलांच्या हाडांची घनता धावणाऱ्या आणि उड्या मारणाऱ्या खेळाडूंपेक्षा कमी आढळते, बहुतेक अभ्यासांत ती कोणताही खेळ न खेळणाऱ्या मुलांइतकीच असते. दम उत्तम, खांदे भरलेले, पाठ रुंद, आणि जमिनीवरचे पाय मात्र खेळाडूचे नव्हेत, अशी ही मुले असतात. वयात येताना वजन वाढते तेव्हा ही उणीव उघडी पडते.

पोहणाऱ्यांमध्ये सर्वांत जास्त दुखावतो तो खांदा आणि त्याच्या खालोखाल गुडघा. त्यातही ब्रेस्टस्ट्रोकची किक गुडघ्याला सर्वांत जड जाते. टाचा कुल्ल्यांकडे ओढायच्या, पावले बाहेर वळवायची आणि मग पाय झटक्याने सरळ करत पाणी मागे ढकलायचे, या क्रियेत नडगी बाहेर वळते आणि गुडघ्याची आतली बाजू ताणली जाते. माणसाचा गुडघा मुख्यत्वे दाराच्या बिजागरीसारखा पुढे-मागे हलण्यासाठी आहे, आणि ही किक त्याला पिळून वापरते. आतल्या बाजूच्या लिगामेंटवर येणाऱ्या या ताणातून होणाऱ्या दुखण्याला ब्रेस्टस्ट्रोकर्स नी असे नावच आहे. एकदा मी काठावर बसून मोजले. २५ मीटरच्या एका लांबीत माझ्या मुलीने फळी धरून १४ किक मारल्या. त्या दिवशी तिला अशा ४० लांब्या होत्या. म्हणजे एका सकाळी ५६० वेळा तोच पीळ, त्याच जागी, आणि आठवड्यात असे पाच दिवस. खुब्याचे स्नायू दमले की किकचा आकार बिघडतो आणि शेवटच्या १५०-२०० किक गुडघ्याच्या जिवावर मारल्या जातात. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात किक सुरू करताना मांड्या किती फाकतात हे मोजले गेले होते. तो कोन ३७ अंशांपेक्षा कमी किंवा ४२ अंशांपेक्षा जास्त असणाऱ्यांमध्ये गुडघेदुखी बरीच अधिक आढळली. गुडघे फार जवळ ठेवलेली किक आणि फार फाकवलेली किक, दोन्ही वाईट. पाय लांब झाल्यावर मुलाची जुनी किक आपोआप नव्या कोनात जाते, आणि तिच्याकडे कोणाचे लक्ष नसते.

जमिनीवर आपण काय करून घेतो, हा यापुढचा प्रश्न आहे आणि तो मला अधिक काळजीचा वाटतो. आपला जिल्हा तालमीचा. जोर-बैठका आपल्या रक्तात आहेत, आणि मी त्यांच्याविरुद्ध मुळीच नाही. परंतु पायांत जोर नाही असे दिसले की आपण आधी जोर वाढवत नाही, आधी उड्या मारायला लावतो. ओल्या फरशीवर अनवाणी शंभर बेडूकउड्या, पायऱ्यांवरून उड्या, उशिरा आल्याबद्दल पन्नास उठाबशा. गेल्या मे महिन्यात १३ वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे आला होता, त्याला सायकलची चेन बसवायला गुडघा टेकता येत नव्हता. मांडीचा पुढचा भक्कम स्नायू जिथे वाटीखाली नडगीच्या हाडाला जोडलेला असतो, तिथेही एक वाढता, नाजूक भाग असतो. प्रत्येक उडीला तो ओढला जातो, सुजतो आणि तिथे टेंगूळ येते. याला ऑसगुड-श्लाटर म्हणतात, मुलींत तो थोडा आधी आणि मुलांत साधारण १२ ते १५ या वयात दिसतो. वाढ संपली की बहुतेकांचे दुखणे थांबते, पण तोवर दुखणाऱ्या जागेवर उड्या मारायला लावणे हा उपचार नव्हे. त्या मुलाच्या उड्या आम्ही सहा आठवडे बंद ठेवल्या, पोहणे चालू ठेवले, भिंतीवरून ढकलण्याचा जोर कमी करवला. तो मुलगा गेल्या गणपतीत आरास करायला गुडघ्यांवर बसला होता, असे त्याच्या आईने मला मुद्दाम फोन करून सांगितले.

दुसरी गोष्ट शाळांमधील क्रीडाशिक्षकांसाठी. पोहणारी मुलगी दमदार असते, म्हणून शाळेच्या खो-खोच्या आणि कबड्डीच्या संघात तिला हमखास ओढले जाते. एसीएल हे गुडघ्याच्या आतले लिगामेंट बहुधा कोणाचा धक्का न लागताच तुटते : धावता धावता एकदम दिशा बदलताना, किंवा उडीवरून उतरताना गुडघा आत कलंडला म्हणजे. वयात येण्यापूर्वी या दुखापतीच्या प्रमाणात मुलगे-मुली असा ठळक फरक नसतो. त्यानंतर मात्र दिशा बदलण्याच्या आणि उड्यांच्या खेळांत मुलींना तिचा धोका मुलांच्या दोन ते आठ पट असल्याचे निरनिराळ्या अभ्यासांत आढळले आहे. पाण्यात एसीएल क्वचितच तुटते. पाण्यात वाढलेल्या आणि जमिनीसाठी तयार न केलेल्या पायांना आठवड्याच्या सूचनेवर खो-खोच्या मैदानात खांबाभोवती वळायला लावले, तर ते तिथे तुटू शकते. शस्त्रक्रिया आणि त्यानंतरचे नऊ-दहा महिने काय असतात, हे मी ज्या मुलींना पुन्हा चालायला शिकवले त्यांच्याबरोबर पाहिले आहे. तेराव्या-चौदाव्या वर्षी शस्त्रक्रिया करताना ग्रोथ प्लेटला धक्का लागण्याची जोखीम सर्जनसमोर वेगळी उभी असते.

यावर करण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्यातले बहुतेक फुकट आहे. पहिली आणि माझ्या लेखी सर्वांत मोठी मागणी वहीची आहे. प्रत्येक क्लबने ९ ते १६ वयाच्या प्रत्येक मुलाची उंची, बसलेली (बसून डोक्यापर्यंतची) उंची आणि वजन दर तीन महिन्यांनी, त्याच भिंतीवर, अनवाणी आणि सकाळच्याच वेळी मोजून लिहून ठेवावे. वजन सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवू नये, ही विनंती खास मुलींसाठी आहे. तीन महिन्यांत दोन सेंटीमीटर किंवा त्याहून अधिक वाढ दिसली की त्या मुलाच्या नावापुढे खूण करावी. शालेय स्पर्धांचे गट १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे जन्मतारखेवर ठरतात आणि ते तसेच राहणार, हे मला मान्य आहे. स्पर्धा तारखेवर होऊ द्या, सराव मात्र वाढीवर ठरू द्या. १३ वर्षांचा मिसरूड फुटलेला मुलगा आणि १३ वर्षांचा अजून बाळसे न गेलेला मुलगा यांना एकाच लेनमध्ये एकच सेट देण्यात कोणाचेच भले नाही.

ज्यांच्या नावापुढे खूण आहे त्यांच्या सरावातून नुसत्या ब्रेस्टस्ट्रोक किकचे अंतर निम्म्यावर आणावे, असे माझे अनुभवावरून मत आहे. उरलेला वेळ वाया जात नाही. पायात पुल बॉय (तरंगणारा ठोकळा) धरून हातांचा सराव, डॉल्फिन किक (दोन्ही पाय जोडून मारायची किक), श्वासाचे तंत्र, वळणाची अचूकता, हे सारे याच महिन्यांत बसवता येते. मुलाला पाण्यातून पूर्ण बाहेर काढायची गरज क्वचितच पडते, आणि काढले तर पुष्कळ मुले परत येत नाहीत. किक सुरू करण्यापूर्वी किमान ४००-५०० मीटर सावकाश पोहून अंग गरम झालेले असावे. मुलाला काठावरून न पाहता महिन्यातून एकदा मागून, पाण्याच्या पातळीवरून पाहावे, म्हणजे गुडघे किती फाकतात ते दिसते.

जमिनीवर आठवड्यातून तीन दिवस, १५ ते २० मिनिटे पुरेत. खुर्चीवर टेकेपर्यंत सावकाश उतरणारी अर्धी बैठक, चार आकडे मोजत खाली आणि दोन मोजत वर. सेतुबंधासन, आधी दोन पायांवर आणि जमू लागले की एका पायावर. कुशीवर झोपून वरचा पाय उचलणे, त्यात टाच किंचित मागे ठेवली तर खुब्याचा नेमका स्नायू काम करतो. चवड्यांवर उठणे. एका पायावर उभे राहून मित्राकडे चेंडू फेकणे, जे मुलांना मनापासून आवडते. हे आठ-दहा आठवडे झाल्यावरच उड्या, त्याही सतरंजीवर किंवा गवतावर, एका पायरीच्या उंचीवरून, आणि नियम एकच : उतरताना आवाज येता कामा नये. आवाज न करता उतरणारे मूल खुबा आणि गुडघा वाकवून उतरते, त्याला वेगळे शिकवावे लागत नाही. फुटबॉलसाठी २००६ मध्ये तयार झालेल्या फिफा ११+ या वॉर्म-अपमध्ये याच धर्तीचे व्यायाम आहेत आणि तो २० मिनिटांत होतो. अशा सरावाने मुलींमधील एसीएलच्या दुखापती निम्म्याच्या आसपास कमी होतात, असे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर दिसले आहे, आणि हा सराव वयात येण्याच्या आधी किंवा सुरुवातीला सुरू केला तर त्याचा लाभ अधिक होतो. म्हणून नववी-दहावीची वाट पाहू नका, पाचवीपासून सुरू करा.

काही खुणा अशा आहेत की तिथे व्यायामाचा विचार बाजूला ठेवून मुलाला डॉक्टरांकडेच पाठवावे. रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, एकाच गुडघ्याला सतत राहणारी सूज, सांधा अडकणे, ताप किंवा वजन घटणे, आणि लंगडणे. बारा-तेरा वर्षांचे, विशेषतः वजनाने जास्त असलेले मूल गुडघा दुखतो म्हणून लंगडत असेल तर त्याचा खुबा तपासलाच पाहिजे, कारण खुब्याच्या सांध्यातले वाढते टोक सरकले की दुखणे गुडघ्यात जाणवते आणि उशीर झाला तर सांधा कायमचा बिघडतो. "वाढीचे वय आहे, दुखणारच" हे वाक्य आपण सर्वांनी जरा जपून वापरावे. मुलींच्या बाबतीत आणखी एक, जे बोलायला संकोच वाटतो पण बोललेच पाहिजे. पंधरा वर्षांपर्यंत पाळी आली नसेल, किंवा सुरू झालेली पाळी तीन महिने थांबली असेल, तर तो खेळाडू असल्याचा दाखला समजू नये. बहुधा सरावाच्या मानाने खाणे कमी पडत असते आणि त्याची किंमत हाडे मोजतात. प्रत्येक तलावावर निदान एक तरी बाई अशी असावी की जिच्याजवळ मुलगी हे सांगू शकेल.

वाळवा तालुक्यातल्या पेठचे मुरलीकांत पेटकर यांचे नाव आपण प्रत्येक उद्घाटनाला घेतो. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून ते कमरेखाली अधू झाले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक ३७.३३ सेकंदांत जिंकले. मुलांना हे उदाहरण दुखणे अंगावर काढण्यासाठी दिले जाते, तेव्हा मला वाईट वाटते. पेटकर पोहण्याकडे वळले ते उपचाराचा भाग म्हणून. शरीराला काय झेपते याची नीट दखल घेऊन त्यांची सुरुवात झाली होती, हेही मुलांना सांगावे.

मा. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे माझी विनंती दोन गोष्टींची आहे. क्लबच्या आणि शिबिराच्या नोंदणी अर्जात जन्मतारखेच्या रकान्याशेजारी उंचीचा आणि मागील सहा महिन्यांतील वाढीचा रकाना असावा. आणि एप्रिलमधील शिबिरे सुरू होण्यापूर्वी प्रशिक्षकांसाठी एक दिवसाचा वर्ग घ्यावा, त्यात मुलांना पायरीवर एका पायावर वाकायला लावून गुडघा कसा पाहायचा, हे प्रत्यक्ष दाखवता येईल. त्यासाठी यंत्र लागत नाही. प्रशिक्षकांचा अनुभव आणि डोळा माझ्यापेक्षा कितीतरी तयार आहे, कुठे पाहायचे एवढेच ठरवायचे आहे.

माझ्या मुलीने त्या संक्रांतीनंतर चार महिने ब्रेस्टस्ट्रोकची किक जवळजवळ मारलीच नाही. तिच्या सरांना मी चौकटीवरच्या रेघांचा फोटो दाखवला होता, तो पाहून त्यांनी स्वतःच तिचा सराव बदलला आणि पुढच्या आठवड्यात तलावाच्या भिंतीवर मोजपट्टी चिकटवली. आता त्या भिंतीपाशी दर तीन महिन्यांनी मुलांची रांग लागते. अशी मोजपट्टी ज्या क्लबला लावायची असेल, वहीचे रकाने आखून हवे असतील, किंवा पहिल्या मोजणीला कोणी सोबत हवे असेल, त्यांच्यासाठी मी येत्या मार्चमधील चारही रविवार सकाळची बॅच सुटल्यानंतर मोकळे ठेवले आहेत. जिल्ह्यात कुठेही बोलवा, मी येईन.

कळावे,

आपली नम्र,
मिरजेतील एक फिजिओथेरपिस्ट आणि एका जलतरणपटूची आई